वाकड्या तोंडाचे दिवस

४ मार्च

सकाळी चहा पिता पिता हनुवटीवर ओघळ आला. वाटलं, कपाला तडा गेलाय. दुसरा कप घेतला. पुन्हा ओघळ! हे पेपर वाचत होते. वर बघून म्हणाले, "सकाळी सकाळी तोंड कशाला वाकडं करतेस? चहा मी केलाय म्हणून?" म्हटलं, मी कुठं वाकडं केलंय! उठून आरशात पाहिलं — आणि किंचाळले. किंचाळीसुद्धा अर्ध्याच तोंडातून निघाली.

डावी बाजू गेली. म्हणजे आहे जागेवर, पण माझं ऐकत नाही. भुवई ढिम्म. ओठाचा कोपरा खाली. डावा डोळा मिटत नाही. मी दोन्ही मिटते, उजवा शहाण्यासारखा मिटतो आणि डावा आपला टक्क बघत बसतो.

टिल्लीला कॉलेजातून बोलावून घेतलं. (जन्मली तेव्हा ओंजळीत मावायची म्हणून टिल्ली. आता वीस वर्षांची आहे आणि बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघते.) तिघं मिळून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भुवया वर करा. गाल फुगवा. शिट्टी वाजवा. शिट्टी! भर दवाखान्यात! वाजली नाहीच, नुसतं फुस्स. मग म्हणाल्या, "घाबरू नका. अर्धांगवायू नाही. चेहऱ्याची नस सुजलीय. बहुतेकांचं येतं परत."

"बहुतेकांचं म्हणजे?"

"म्हणजे बहुतेकांचं."

"आणि बाकीच्यांचं?"

"थोडं राहतं वाकडं."

केव्हा कळेल म्हटलं, तर तीन आठवडे, तीन महिने, सांगता येत नाही! बाहेर आल्यावर यांनी हुश्श केलं. "जिवावरचं टळलं बाई. तोंडाचं काय, होईल." तोंडाचं काय! या माणसाला कळणार कसं? याच्या तोंडाला काही झालं तर लक्षातही यायचं नाही कुणाच्या.

५ मार्च

खरं लिहू? इथं कोण वाचतंय.

मी सुंदर आहे. होते. आहे! सेहेचाळीस वर्षांची झाले तरी रस्त्यानं जाताना माना वळतात, आणि मला ते आवडतं. रूपात काय आहे, असं लोक म्हणतात तेव्हा मी मान डोलावते आणि मनात हसते. काय आहे म्हणजे? मी रोज वापरलंय ते. खणखणीत, कामाचं आहे. फळवाला वजन झाल्यावर वरून एक फळ टाकतो. रांगेत कुणीतरी "तुम्ही व्हा पुढे" म्हणतं. शाळेत गणितात नापास झाले तेव्हा मास्तर स्वतः घरी आले, रडू नकोस म्हणून सांगायला. शेजारची मुलगीही नापास झाली होती. तिच्याकडे कुणी फिरकलं नाही.

आता ते गेलं तर? मला दुसरं काय येतं? विचार केला. यादी फार लांबली नाही.

७ मार्च

"पाणी" म्हणता येत नाही. "फाणी" होतं. हे मुद्दाम दहा वेळा विचारतात, काय हवंय, काय हवंय.

९ मार्च

दुकानात गेले. चष्म्याच्या दुकानात मी इतकी वर्षं काउंटरवर आहे, मालकांना वाटतं मी तिथंच उगवलेय. माझी पद्धत ठरलेली. गिऱ्हाईक गोंधळलं की फ्रेम मी स्वतःच्या डोळ्यांवर चढवायची, मान जराशी तिरकी, एक हसू, "बघा, कशी दिसते?" मला काय, काहीही शोभतं. फ्रेम खपलीच!

मालकांनी मला पाहिलं. डोळ्यावर पट्टी, ओठ लोंबलेला. बिचारे चांगले आहेत. घसा खाकरून म्हणाले, "बाई, थोडे दिवस आत बसा. आराम पडेल." आत म्हणजे काचा घासायच्या खोलीत. तिथं मशीन दिवसभर किर्रर्र करतं. काय तो आराम! मला कळलं हो. समोर आरसेच आरसे, त्यात वाकडी बाई नको.

आत बसून रडून घेतलं. घरी आल्यावर टिल्लीला सांगितलं, तर ती मालकांना ऐकवायलाच निघाली होती. चपला घालून दारात. हिला राग आला की भारी येतो! ओढून परत आणलं.

१२ मार्च

यांना आज सरळ विचारलं. "अहो, खरं सांगा. माझ्याशी लग्न चेहऱ्यासाठी केलंत ना?"

मला वाटलं, म्हणतील, छे छे, तुझ्या मनासाठी. निदान आजारी माणसासाठी तरी म्हणायचं! तर हे शांतपणे म्हणाले, "हो. आणखी कशासाठी? बोललो कुठं होतो आपण तेव्हा?"

"आणि आता?"

"आता तू आत कशी आहेस ते कळलंय."

"मग?"

"मग काय, उशीर झाला होता."

उशी फेकून मारली. नेम चुकला, कारण एकाच डोळ्यानं बघत होते. हसून हसून माझी उजवी बाजू दुखायला लागली. डावी मख्ख. रात्री माझ्या पापणीवर चिकटपट्टी हेच लावतात. नस दुखेल या भीतीनं हात इतका हळू लावतात की पट्टी चिकटतच नाही, पुन्हा लावावी लागते. इतक्या वर्षांत या माणसानं माझ्या चेहऱ्याला इतक्या काळजीनं हात लावला नव्हता. बघायचे मात्र खूप.

१६ मार्च

व्यायाम सुरू. रोज सकाळी आरशासमोर. भुवया वर, नाक आक्रसा, गाल फुगवा, दात दाखवा, ओठांचा चंबू. डावी बाजू हलली नाही तर बोटानं उचलायची. मी दार लावून एकटीच करायला बसले आणि तिसऱ्या मिनिटाला रडायला लागले.

टिल्ली दार ढकलून आत. "एकटी केलंस तर रोज रडशील. सरक."

आणि माझ्या शेजारी उभी राहून तिनं नाक आक्रसलं. असं काही आक्रसलं की मला माकडीणच आठवली! मग गाल फुगवले, डोळे तिरळे केले, जीभ नाकाला लावली. जीभ नाकाला लावायला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, म्हटलं. "मला सांगितलंय," म्हणाली. आम्ही दोघी कपाटाला धरून हसत होतो. हे दाढीचा फेस तसाच तोंडावर घेऊन बघायला आले. आम्हाला पाहून हळूच दार ओढून गेले.

१८ मार्च

आजही आली. मी उठायच्या आधीच आरसा पुसून तयार! म्हणते, "चल वाकडोबा."

२२ मार्च

माझ्या जागी काउंटरवर बसवलेली मुलगी आजारी. मालकांचा नाइलाज. "बाई, जरा बाहेर या."

पहिलंच गिऱ्हाईक — एक जाडसर गृहस्थ. लाजरे. आरशाकडे बघायलाच तयार नाहीत. मी सवयीनं फ्रेम उचलली, डोळ्यांकडे नेली, आणि आठवलं, पट्टी आहे! आता? फ्रेम हातात, काय करावं सुचेना. शेवटी त्यांच्याच तोंडाकडे बघितलं. नीट बघितलं. गाल गोल, नाक बसकं, पण भुवया काय सुरेख! काळ्याभोर, एका रेषेत. म्हटलं, "तुमच्या भुवया झाकायच्या नाहीत. जाड फ्रेम नकोच तुम्हाला." त्यांनी पहिल्यांदा आरशात मान वर करून पाहिलं. "भुवया?" म्हणाले. बोटानं एक भुवई नीट केली. मग आम्ही दोघांनी मिळून फ्रेमा लावल्या, काढल्या, टेबलभर पसारा. जाताना म्हणाले, "मला वाटायचं, चष्म्याच्या दुकानात फक्त देखण्या माणसांनी यावं." माझ्या मनात आलं, आधीची मी इथं उभी असते तर हे गृहस्थ पहिलीच फ्रेम घेऊन पळाले असते.

२४ मार्च

फळवाल्यानं वरून काही टाकलं नाही! वजनाला वजन, चोख. पैसे घेतले आणि दुसरीकडे बघायला लागला. मला असं काही लागलं! मग म्हटलं, "अहो, अर्ध्या तोंडाला अर्धं तरी टाका की!" आधी दचकला. मग खदखदून हसला. दोन टाकली!

घरापर्यंत ऐटीत चालत आले. हे बोलणं माझंच होतं ना? त्याला तर चेहऱ्याची नस लागली नाही.

२७ मार्च

जुना फोटो काढून बसले होते. लग्नानंतरचा. खूप वेळ बघितलं. मग आरशात. नाक तेच. डोळे तेच, रंग तोच. हललं नाही तोवर मी अगदी तीच आहे, वाकडंही फारसं दिसत नाही. बोलायला लागले की बिघडतं. म्हणजे लोक ज्याला रूप म्हणत होते ते नाकाडोळ्यात नव्हतंच की काय? ते चालत होतं, पळत होतं — भुवईवरून ओठावर, ओठावरून गालावर. आता डावीकडे त्याला वाटच नाही.

हा विचार यांना सांगितला. म्हणाले, "जेव."

२ एप्रिल

आज व्यायाम करता करता टिल्ली म्हणाली, अगदी सहज, चंबू करता करता, "आई, तुझ्या शेजारी आरशात मी पहिल्यांदाच उभी राहतेय. लक्षात आलंय का तुझ्या?"

म्हटलं, काहीतरीच. एका घरात राहतो आपण.

"राहतो. पण तू आरशात असलीस की मी बाहेर थांबते. फोटोत तरी कुठं आहे मी?"

"तू फोटो छान काढतेस म्हणून..."

"म्हणूनच शिकले फोटो काढायला."

मग हसत हसत सांगितलं तिनं. हसतच! लोक आधी मला बघतात, मग तिला, मग पुन्हा मला. आणि म्हणतात, "वडिलांवर गेलीय वाटतं." ती म्हणाली, "त्या 'वाटतं'चा मला कंटाळा आलाय. बाबांवर गेलेय तर गेलेय, त्यात वाटायचं काय?" आणि गाल फुगवून माझ्याकडे बघितलं. "आता कसं, दोघी सारख्याच ध्यान!"

मीही हसले. पण ती कॉलेजला गेल्यावर पलंगावर बसून राहिले, भांडी तशीच. कितीदा माझ्यासमोरच म्हटलंय लोकांनी ते वाक्य! मला तर ते माझंच कौतुक वाटायचं. माझ्या पोटच्या पोरीला ते टोचत होतं, आणि मी तिथंच उभी राहून गोड हसत होते.

३ एप्रिल

आज आरशात माझ्याकडे बघितलंच नाही. तिला बघितलं. सुंदर नाहीये ती. मी आई आहे, आंधळी नाही. हनुवटी यांची, दात पुढे, कान जरा मोठे. पण हसायला लागली की तिचं सगळं तोंड हसतं, कानसुद्धा मागे जातात! एक भुवई आधी उडते, दुसरी तिच्यामागून. बघत राहावंसं वाटतं. जगात कुणीतरी बघितलं असेल का हे? तिनं स्वतः तरी?

"काय बघतेस?" म्हणाली.

"तुझी डावी बाजू कशी हलते ते शिकतेय."

११ एप्रिल

हललं!! ओठाचा कोपरा! मुंगी सरकावी इतकंच, पण हललं! यांना ओरडून बोलावलं. म्हणाले, मला नाही दिसलं. पुन्हा केलं. "हां हां, दिसलं" — खोटं बोलले. टिल्लीला मात्र खरंच दिसलं. तिनं मला उचललं! बापावर गेलीय ना, ताकद आहे.

मग खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे आता आपलं सकाळचं बंद?"

"छे गं, पूर्ण बरं होईपर्यंत करायचंय."

"हं," म्हणाली. "पूर्ण होईपर्यंत."

१५ एप्रिल

ते जाडसर गृहस्थ आल्या दिवसापासून मी काउंटरवरच आहे. मालकांनी आज चहा मागवला. मला वाटलं, आता काढून टाकतात. तर म्हणाले, "बाई, एक गंमत सांगू का? तुम्ही आजारी पडल्यापासून एकही फ्रेम परत आलेली नाही."

आमच्याकडे आठ दिवसांत फ्रेम बदलून देतात. आणि लोक बदलायला यायचेच. रोज कुणीतरी दारात, "दुकानात छान वाटली हो, घरी गेल्यावर कशीतरीच दिसते." काचा पुन्हा घासा, मालकांची कटकट, सगळे मिळून फ्रेमा बनवणाऱ्याला शिव्या देत होतो. आणि झालं होतं काय, लोक फ्रेम माझ्या तोंडावर बघून घ्यायचे आणि घरी नेऊन स्वतःच्या तोंडावर लावायचे!

इतकी वर्षं! कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मालक म्हणाले, "बऱ्या झालात तरी पद्धत हीच ठेवा." मला आनंद व्हायला हवा होता. झाला थोडा. पण रागच जास्त आला! घरी सांगितलं तर हे म्हणतात, "मी एकटाच फसलो नाही तर. फक्त मला आठ दिवसांची सवलत नव्हती."

१९ एप्रिल

टिल्ली दुकानात आली! आजवर कधी आली नव्हती. चष्मेवालीची मुलगी, आणि चष्मा घ्यायची कॉलेजजवळच्या दुकानातून. "तिथं स्वस्त मिळतो," म्हणायची. आज दारातूनच, "आई, मला एक शोधून दे."

मी शोधायला लागले आणि तीन फ्रेमा काढून तशाच परत ठेवल्या. काय हे! परक्या लोकांना फटाफट देते. चौथी फ्रेम, पातळ, गडद लाल. भुवया मोकळ्या राहिल्या, कान लपवायची खटपट केलेली नाही. ती आरशात बघत राहिली. खूप वेळ. मी बाजूला झाले, आरशातून पूर्ण बाहेर. तर माझा हात धरून तिनं मला आत ओढलं. "कुठं चाललीस?"

मालक आले. आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मला कळलं आता काय येणार. मी आधीच म्हटलं, "ही माझी मुलगी. वडिलांवर गेलीय, नशीब काढलं पोरीनं!" टिल्लीनं माझ्याकडे असं काही बघितलं! मग तिची ती भुवई उडाली, आणि ही दुकानभर हसली.

२० एप्रिल

फोटो. आम्हा दोघींचा, आक्रसलेल्या नाकांचा. यांनी काढला, त्यामुळे हलला आहे. टिल्लीनं फोनच्या पडद्यावर लावलाय. मैत्रिणींना दाखवत सुटलीय, "ही मी आणि ही आई."

२८ एप्रिल

डॉक्टरीणबाई खूश. "छान येतंय. आता काही दिवसांचाच प्रश्न." जीव भांड्यात पडला! बाहेर येऊन चक्क रस्त्यात शिट्टी मारली. आली! बेसूर, पण आली.

नाही, मी साधुसंत झालेली नाही. मला माझा चेहरा हवाय. हवाच! रोज उठल्याबरोबर आधी तोच चाचपते. माना वळायला हव्यात, फळं वरून पडायला हवीत. कुणी म्हणालं, राहू दे असंच, मन सुंदर आहे तुझं, तर मी त्याला चपलेनं मारीन.

घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "वा! आता रोज तुझी सुंदरता सहन करायची." टिल्ली म्हणाली, "मस्त, आई." खरंच आनंद होता तिच्या तोंडावर. मग आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं बघितलं तर नवा चष्मा पुसत बसली होती, पुसलेलाच.

"काय गं?"

"काही नाही. लवकर उठायची सवय लागली होती, तेवढंच."

३ मे

सकाळी चूळ भरली, एक थेंब सांडला नाही. आरशात गेले. दोन्ही बाजू सारख्या. हसून बघितलं — आलं! भुवईवरून ओठावर, ओठावरून गालावर, सगळं, पूर्ण! किती सुंदर आहे मी! घरात अजून कुणाला माहीत नाही. ओरडणार होते, तेवढ्यात दार ढकललं गेलं. केस विस्कटलेले, लाल चष्मा, डोळ्यांत झोप, आणि माझ्या शेजारची जागा बघून सरळ आत.

"चल वाकडोबा. आज किती आलं?"

मी डावी बाजू खाली सोडून दिली.

"अजून नाही गं," म्हटलं. "वेळ लागेल अजून."